पेटीवरचा हात

ग्रामोफोन सुरू झाला की काका आधी पेटीच्या लाकडावर उजवा तळहात ठेवीत आणि मग डोळे मिटीत. तबकडी संपली की आम्ही विचारायचं, "काय काका, कशी आहे?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "थांब रे. ऐकल्याशिवाय बोलायचं नाय." म्हणजे तीच तबकडी पुन्हा लावायची.

शहापुरात आमच्या आळीच्या टोकाला त्यांची भाताची गिरणी होती. वीज अजून घरोघर आली नव्हती. शहापूर आणि मुरबाड मिळून चावीचा ग्रामोफोन बाळगणारी आम्ही मोजकीच माणसं, रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचो. पेटी किंवा जुनी तबकडी विकत घ्यायची तर आधी काकांना ऐकवायची, अशी रीतच पडली होती. त्यांची जीभ मात्र गोड नव्हती. आमच्यातल्या एका मास्तरांनी हौसेने मुंबईहून पेटी आणली. काकांनी दोनदा ऐकली आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे मास्तर. पाट करा."

पोलादी सुई तबकडी खरवडते, म्हणून ते करवंदीचा काटा वापरीत. काटे गिरणीच्या इंजिनाच्या उबेला वाळवायचे, ब्लेडने तिरकं टोक काढायचं आणि सुईच्या जागी बसवायचे. आवाज थोडा लहान येतो, पण खरखर जाते. त्यांच्या शब्दावर आम्ही सगळ्यांनी सुया टाकून दिल्या. आमच्या घरातून शेरा आला, "लोकं पायातला काटा काढून फेकतात, तुमी डबीत ठेवा!"

एकदा गिरणी बंद असताना मी त्यांना मागून हाक मारली. ते वळले नाहीत. पुन्हा मारली, तरी नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढणं मला पटत नाही, म्हणून पुढच्या बैठकींत मी नीट लक्ष ठेवलं. तबकडी सुरू झाली तरी त्यांचा चेहरा कोरा असायचा. हात लाकडाला टेकला की मगच त्यावर गाणं उमटायचं.

गिरणीच्या इंजिनाने त्यांचे कान खाल्ले होते. मी कोणाला बोललो नाही.

आणि नेमकं तेव्हाच मुरबाडच्या कापडवाल्या शेठने आव्हान दिलं. "काटा आणि पोलाद, फरक काय त्यात? सगळा गिरणीवाल्यांचा नखरा! पुढच्या रविवारी माझ्याकडे या. पेटी पडद्याआड लावतो. पोलादाच्या वेळी आत फडकं कोंबीन, म्हणजे आवाज सारखा. तीन तबकड्या. ओळखून दाखवा." सगळ्यांना मौज वाटली. काकांनी शेठच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाव."

तुम्ही माझ्या जागी असता तर तुमचाही आठवडा वाईट गेला असता. हात पडद्याआड नेता येणार नव्हता. नुसता अंदाज करून तिन्ही बरोबर यायची शक्यता आठात एक. हे गणित मी भात कालवताना, दाढी करताना, पुन्हा पुन्हा करीत होतो. चुकले तर ज्या माणसाचा शब्द दोन तालुके मानत होते त्याचं हसू होणार. मी ठरवलं, पडद्यामागचं दिसेल असं बसायचं आणि काटा असला की कान खाजवायचा. पण हे त्यांना सांगायचं कसं? आठवडाभर धीर झाला नाही, आणि मुरबाडच्या एसटीत ओरडून सांगितलं असतं तर उतरायच्या आत अर्ध्या गावाला कळलं असतं.

शेठच्या माजघराच्या दारावर कोरी चादर टांगली होती. मी कडेला बसलो. आत शेठ आणि पेटी दोन्ही मला दिसत होती. पहिली तबकडी लागली. काकांचा हात सवयीने पुढे गेला, हवेतच थांबला आणि गुडघ्यावर येऊन बसला. त्यांनी डोळे मिटले.

तबकडी संपली. शेठने सुईचा हात उचलला. आतून आवाज आला, "बोला गिरणीवाले!"

काका डोळे मिटून बसलेलेच. कोणीतरी खाकरलं. मग त्यांनी डोळे उघडले. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. मी कान खाजवू लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना सगळं समजलं आणि त्यांनी बारीकशी मान हलवली. नको.

"संपली काय रे?" त्यांनी विचारलं.

चेष्टा समजून दोघे-तिघे हसले.

"मला ऐकू आली नाय," काका म्हणाले. "ऐकल्याशिवाय बोलायचं नाय."

शेठ चादर बाजूला सारून बाहेर आला. "म्हणजे इतकी वर्षं तुमी..."

"इतकी वर्षं नाय. गेल्या दिवाळीपासनं. आधी कानाने ऐकायचो, हाताने पडताळायचो. आता हातच राहिला. दिवाळीनंतर मी ज्याला ज्याला सांगितलं, ते हाताचं मत होतं. त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी ऐकवून घ्यावं."

मास्तर चाचरत म्हणाले, "आणि माझी पेटी?"

काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहून प्रश्न ओळखला. "ती आधीची. ती कानाने ऐकलेली. तिचा पाटच करा."

त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. काट्यांची डबी मात्र माझ्याकडे पाठवून दिली. पुढे गिरणी मुलाच्या हाती देऊन ते खर्डीला लेकीकडे राहायला गेले.

ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटचे आठवतात ते खर्डीला लेकीच्या ओटीवर. शेठने नवी पेटी घेतली होती. कशी आहे असं कोणी विचारलं की म्हणायचा, "अजून कळलं नाय." एका रविवारी मला बरोबर घेऊन ती पेटी त्याने आगगाडीने खर्डीला नेली आणि काकांपुढे ठेवली. मी डबीतला काटा बसवून तबकडी लावली. काकांनी लाकडावर तळहात ठेवला. पार शेवटपर्यंत.

"हाताला चांगली वाटते," ते म्हणाले.

"आणि कानाला?" शेठने त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

काकांनी आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "ते तुमी सांगायचं."

शेठ बसला. मी चावी देऊन तबकडी पुन्हा लावली. त्याने डोळे मिटले. ती संपल्यावर काका त्याच्या ओठांकडे बघत राहिले. शेठ काहीतरी बोलणार होता, पण थांबला.

"अजून एकदा लाव रे," तो मला म्हणाला.

काकांनी ते ओठांवरून वाचलं आणि हात पेटीवर ठेवून डोळे मिटले.