पेरू कोणी कापला?

“पेरू कोणी कापला? बाहेर या! कोणी कापला पेरू?”

रविवारची सकाळ. सिंगापुरातल्या यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकचा सातवा मजला. लांबलचक कॉरिडॉरमध्ये एक गृहस्थ बनियन आणि अर्ध्या चड्डीत उभे राहून ओरडत होते, तेही खणखणीत मराठीत. शेजारच्या चिनी आजींनी जाळीचं दार ओढून घेतलं. कोपऱ्यावरच्या घरातला पोपट, जो आम्ही राहायला आल्यापासून एक मिनिट गप्प बसला नव्हता, तोही चिडीचूप झाला. मी हातात सुरी घेऊनच दारात आलो.

“मी कापला. इथे काही नियम आहे का?” नवीन माणूस सिंगापुरात आधी नियमच विचारतो.

“पुण्याकडचा आहे. आतून गुलाबी. दोन दिवस पिशवीत गुंडाळून ठेवला होतात. चूक?”

चूक कसली! पुण्याहून आणलेल्या पिशवीतला तो शेवटचा पेरू होता. इथल्या बाजारातला पेरू नारळाएवढा असतो आणि त्याला वास म्हणाल तर धुतलेल्या काचेचा. हा पेरू कापणारा मराठीच असणार, म्हणून मराठीत ओरडलो, असं ते म्हणाले. मी एक फोड पुढे केली. त्यांनी ती खाल्ली नाही. पाच मिनिटं नाकाशी धरून उभे राहिले. मग हात दुमडून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसलं, दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा फोड हुंगली.

“हे काय?”

“नाक पुसतो. स्वतःच्या अंगाचा वास म्हणजे पाटीवरचा ओला बोळा. सगळं पुसून टाकतो.”

असे आमचे नाककाका. हे नाव ब्लॉकमधल्या पोरांनी ठेवलं आणि मोठ्यांनीही बिनदिक्कत उचललं.

शहराच्या पश्चिम टोकाला चवी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते नोकरीला होते. बिस्किटातलं संत्रं, आइस्क्रीममधला आंबा, ज्यात उभ्या जन्मात फळ पडलेलं नसतं तो सगळा माल ही मंडळी बाटल्यांतल्या थेंबांनी जमवतात. काका त्यातले उस्ताद. कामाच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, पावडर-अत्तर नाही. पुदिन्याची टूथपेस्ट नाकाला झोपवते म्हणून दात मिठाने घासायचे. एकदा पुलाउ उबीन बेटावर आम्ही बाराजण सायकली घेऊन गेलो होतो. हा माणूस जेट्टीवर उतरल्या उतरल्या म्हणाला, “डावीकडे फणस पिकलाय.” आम्ही बाराच्या बारा सायकली डावीकडे वळवल्या. फणस होता. किती लांब होता ते मी दरवेळी वेगळं सांगतो. परवा सांगितलं तेव्हा साडेचार किलोमीटर झाला होता. उबीनच्या पलीकडे मलेशिया लागतो, त्यामुळे आता यापुढे वाढवता येत नाही.

“आधी नाक, मग बाकीचं,” हे त्यांचं पालुपद. नोकरीचा सल्ला विचारा, मुलीचं स्थळ विचारा, घर भाड्याने घ्यायचंय म्हणा, काका बोट नाकावर ठेवायचे. “आधी नाक!”

गणपतीत ते पोरांचे डोळे बांधून त्यांना कागदाच्या पट्ट्या हुंगायला द्यायचे. पोरं ओरडायची, लिची! टॅरो! बबलगम! मग काका तोच किस्सा सांगायचे. लहान मुलांचं एक तापाचं औषध होतं, कारल्याचा सासरा म्हणावं इतकं कडू. पोरं थुंकायची, आया रडायच्या. काकांनी त्यात स्ट्रॉबेरी घातली. “आता चमचा चाटतात! औषध तेच बरं का. गोड वास आला की माणूस विचारतच नाही, आत काय आहे. भीती नाकातूनच पळते.” हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की बनियनची शिवण उसवेल.

पेरू मात्र त्यांचा जीव होता. कारखान्यासाठी म्हणून सुरू केलेलं काम, पण खरं कारण त्यांची लेक सई. तीन वर्षांची असताना ती इथे आली. गावाकडचा पेरू, आजीने चार फोडी करून तिखटमीठ भुरभुरलेला, हा तिला ठाऊकच नव्हता. तो बाटलीतून तरी तिला द्यायचा, हा काकांचा हट्ट. मला ते इंजिनियर म्हणायचे आणि तासन्‌तास समजावायचे. “वर हिरव्या पानाचा वास. मध्ये दालचिनीची सावली. आणि इंजिनियर, हसू नका, तळाशी मांजराच्या मुताचा एक अंश. तो काढला तर पेरू मरतो.”

“आणि तिखटमीठ?”

“तिथेच तर अडलंय. मिठाला वास नसतो. पण माणसाला येतो.”

त्रेसष्टाव्या प्रयत्नाला जमलं. मी लोकांना तीनशे सांगतो. दहा वर्षांच्या सईने एक थेंब टाकलेलं साखरेचं पाणी प्यायलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “बाबा, हा फायनल.” काकांनी त्या दिवशी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. चिनी आजींनी पेढा उलटसुलट करून बघितला आणि पोपटाला दिला.

तेव्हापासून काका म्हणजे चालताबोलता पेरू. तो माल त्यांच्या केसांत, शर्टात, पाकिटातल्या नोटांत मुरला. काकांची बायको, आमच्या वहिनी, वैतागायच्या. “अहो, दारातच कपडे काढा! घराची मंडई केलीत!” त्यांचे कामाचे शर्ट वेगळ्या टोपलीत पडायचे आणि ती टोपली सईच्या खोलीबाहेर असायची.

सई सोळाची झाली, सेकंडरी फोरमध्ये, म्हणजे आपल्या दहावीत गेली. एका संध्याकाळी लिफ्ट बंद होती म्हणून मी जिन्याने चढत होतो. सहाव्या मजल्याच्या वळणावर ती बसली होती. हातात हायलायटर पेनासारखं काहीतरी. तोंडातून पांढरा ढग निघाला आणि जिनाभर पेरू झाला.

इथे ई-सिगारेट ओढणं सोडाच, बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. पोस्टर प्रत्येक लिफ्टपाशी लावलेलं असतं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

“सई, हे काय गं?”

“अंकल, इट्स ओन्ली ग्वावा लाह. फळाचं आहे. सगळ्याजणी करतात. बाबांना नको ना सांगू, प्लीज.”

आता माझं ऐका. मी दिवसाला सात थापा मारणारा माणूस. फणस साडेचार किलोमीटर लांब नेऊन ठेवणारा. त्या दिवशी एक खरी गोष्ट सांगायची होती, दोन वाक्यांची, तेवढी मला सांगता आली नाही. पोर रडवेली झाली होती, दहावीचं वर्ष होतं, आणि खरं सांगू का, तो ढग इतका छान होता की मलाही त्यात वाईट काही वाटेना. फळाचा वास हो! तंबाखूचा भपकारा असता तर मी तिला कान धरून वर नेलं असतं.

तरी मी आपला हळूच खडा टाकला. काका भेटले तेव्हा म्हणालो, “काय हो, तुमचा पेरू हल्ली सहाव्या मजल्याच्या जिन्यापर्यंत येतो.”

“येणारच!” काका खूश. शर्टाची बाही नाकाला लावून म्हणाले, “सातव्या मजल्यावरून सहाव्यावर! तुमच्या वहिनींना सांगू नका, नाहीतर मला खालीच आंघोळ घालतील.”

म्हणजे बघा. नंतर कळलं, दीड वर्षं या माणसाच्या घरात त्या धुराचा वास भरून होता. साडेचार किलोमीटरवरचा फणस ओळखणारं नाक. आणि त्याला दरवेळी वाटलं, मीच असेन. सईला हे बरोबर कळलं होतं. ती ते यंत्र बाबांच्या शर्टांच्या टोपलीत, तळाशी ठेवायची.

शाळेत दप्तर तपासलं गेलं तेव्हा ते सापडलं. आईवडिलांना बोलावलं. त्या संध्याकाळी काका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहाला हात लावला नाही.

“टेबलावर पारदर्शक पिशवीत ठेवलं होतं,” म्हणाले. “पिशवी नीट बंद नव्हती. मी वाकलो. एकदा घेतला. कोपरात नाक पुसलं. परत घेतला. हिरवं पान. दालचिनी. तळाशी तो अंश. माझा आहे, इंजिनियर. त्रेसष्टावा.”

“अहो, पेरू म्हणजे पेरूच, कोणीही करेल...”

“तुम्ही अक्षर ओळखता ना तुमच्या आईचं?”

मी त्यांचा गार झालेला चहा बाजूला सरकवला.

“शाळेतल्या बाईंनी सईला विचारलं, सुरुवात कशी झाली. ती म्हणाली, तंबाखूचा असता तर यक, हात लावला नसता. हा पेरूचा होता. घरी तर रोजच असतो. मला वाटलं, हा आपल्यातलाच.”

तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, “काका, मी बघितलं होतं तिला. जिन्यात. चार महिन्यांपूर्वी.”

ते रागावतील, निदान ओरडतील असं वाटलं. ते म्हणाले, “सांगितलं असतंत तरी मला वाटलं असतं, तुम्ही फुगवून सांगताय.”

कारखान्यात त्यांनी चौकशी केली. हा पेरू कोणाला जातो? सरबतवाल्यांना, असं त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. उत्तर आलं, एका परदेशी व्यापाऱ्याला पिंपं जातात. तो पुढे कोणाला देतो आणि ते कशात घालतात, हे आपल्याला विचारायचं कारण नाही. आपण फक्त वास विकतो. काकांनी राजीनामा लिहिला.

वहिनींनी तो फाडला. मी समोर होतो. “नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला. पास गेला की महिन्यात देश सोडायचा. पोरीची परीक्षा? आणि नोकरी सोडून पेरू परत येणार आहे का बाटलीत?”

काकांनी सईच्या परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं. दुसरा राजीनामा लिहून खिशात घेऊन हिंडायचे.

ते महिने वाईट गेले. सईचं डोकं दुखायचं, भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलायची. आठवड्याला समुपदेशकाकडे जायची. संध्याकाळी बापलेक ब्लॉकखालच्या बाकावर बसायची, ती नखं कुरतडत. एकदा मी बाजारातून येत होतो तेव्हा ती फुटली. “यू मेक इट सो नाइस, बाबा! इतका छान तूच बनवतोस, आणि मग मीच का वाईट?” सगळा ब्लॉक खाली बघत होता.

“तू नाहीस,” काका म्हणाले. एवढंच.

मग एके सकाळी मी लिफ्टमध्ये शिरलो आणि मला ठसका लागला. आत काका उभे होते. गालाला दाढीनंतरचं झणझणीत लोशन, तोंडाला पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास, त्यावर कच्चा कांदा. नऊ वर्षांत या माणसाच्या अंगाला मला कसलाही परका वास आला नव्हता. त्यांनी कोपर वर केलं नाही. आम्ही आकडे उतरताना बघत राहिलो, पाच, चार, तीन.

परीक्षा संपली. सईची सवय सुटली होती, निदान वहिनी तसं म्हणायच्या, आणि म्हणताना देवाच्या फोटोकडे बघायच्या. सामान बांधलं. काकांच्या बाटल्यांची लाकडी पेटी कचऱ्याच्या झडपेतून जाईना, म्हणून त्यांनी एकेक बाटली टाकली. झडप वाजत राहिली, पोपट तिची नक्कल करत राहिला.

मला वाटत होतं, माणसाला असं जाऊ द्यायचं नाही. पुण्याहून येणाऱ्या एका मित्राला गळ घालून मी चार पेरू मागवले, आतून गुलाबी. दोन दिवस पिशवीत गुंडाळून ठेवले. निघायच्या सकाळी मी दार सताड उघडं टाकलं, पेरू कापले, तिखटमीठ भुरभुरलं आणि बशी उंबऱ्यावरच ठेवली. वास असा सुटला की चिनी आजींनी जाळीचं दार उघडून डोकावलं. हे मी फुगवून सांगत नाही.

वहिनी आणि सई बॅगा घेऊन लिफ्टकडे गेल्या. सई जाताना बशीकडे बघून भराभर चालायला लागली. मागून काका आले, दोन्ही हातांत बॅगा. बशीकडे त्यांची नजर गेली नाही, पाय थांबला नाही. दोन दारं पुढे गेले, तेव्हा मीच कॉरिडॉरमध्ये ओरडलो.

“काका! पेरू कापलाय! या!”

ते थांबले. वळले. बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हो का?” म्हणाले. “मला वास नाही आला.”