स्टोव्हची पिन

माझी ठासणीची बंदूक ऐन शिकारीच्या सीझनच्या तोंडावर दगा देत होती. ठिणगी पाडणारा प्रायमर फुटायचा, पण आतली दारू पेटायची नाही. शेवटी नळीच्या मागचा ब्रीच प्लग, म्हणजे ठिणगी आत नेणारं भोकाचं बूच, काढून खिशात टाकला आणि नोव्हाय या अमेरिकन गावाजवळच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. रांगेत उभा राहून, प्लग हातात खेळवत बायकोला फोनवर सांगत होतो, “सगळ्यात हॉट, मोठ्या ठिणगीचा प्रायमर घेतो.”

“आधी प्लग दाखव बघू,” मागून मराठीत आवाज आला. पांढरा अंबाडा, सलवार-कमीजवर शिकारीचं जाडजूड जॅकेट, अशा एक मावशी उभ्या होत्या.

मावशींनी एक डोळा मिटून प्लग दिव्याकडे धरला. “अरे, भोक पार बुजलंय! प्रायमर काय करणार बिचारा?” आणि पर्समधून चक्क रॉकेलच्या स्टोव्हची पिन काढली. जिभेचं टोक दातांत धरून काजळी टोकरली, फुंकर मारली. भोकातून उजेड दिसला.

“साधाच प्रायमर घे. ठिणगी मोठी नको रे, पोचली पाहिजे.”

“मावशी, तुम्ही हरणं मारता?”

“छे! मी शाकाहारी. कागदावर नेम धरते.”

“ही पिन मला द्याल?”

त्यांनी पर्सची चेन घट्ट लावली. “बंदूक हवी तर ने. पिन मिळायची नाही.”