गॉडसॉलांच्या घरातला मर्विन प्रॉसर

आमच्या नेदर क्विनफर्डमध्ये घराला राहणाऱ्याचं नाव मिळत नाही, आधी राहून गेलेल्याचं मिळतं. मी राहतो ते घर पॉवेलचं. पॉवेलला मी पाहिलेलंही नाही. त्यानं लावलेल्या नासपतीची तुरट फळं दरवर्षी गोळा करतो आणि फेकून देतो. कुणी पत्ता विचारला तर मीही सांगतो, "पॉवेलचं घर, तळ्यापुढे डावीकडे." चर्चखालचं घर लँबांचं. तिथे रोझमंडबाई फेन्विक राहतात. लंडनजवळून इथे आल्या तेव्हा त्यांनी फाटकावर एका पक्ष्याच्या नावाची सुबक पाटी लावली होती. पाटी अजून आहे. घर लँबांचंच आहे.

याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. मर्विन प्रॉसर मात्र घ्यायचा.

मर्विन आता ऐंशीच्या पुढे गेला आहे. उंच, कानांनी मोठा, आणि खांद्यातून असा पुढे झुकलेला की जणू अजून स्टिअरिंग हातात आहे. उभं आयुष्य त्यानं बाजाराच्या दिवशी गावातून लेम्स्टर शहराला जाणारी बस चालवली. इथून जे कुणी बाहेर पडले ते त्याच्या बसनं. कुणी फौजेत गेलं, कुणी नर्स व्हायला, कुणी नुसतंच लंडनला. मर्विन त्यांना स्टेशनवर उतरवायचा, ट्रंक काढून द्यायचा आणि रिकामी बस घेऊन परत यायचा. परत येणं हाच त्याचा धंदा होता म्हणा ना. आणि परत येणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही. परगण्याची थोर माणसं म्हणून ज्यांची नावं छापली जातात ती सगळी परगणा सोडून गेलेल्यांची. इथलं म्हणवून घ्यायचं तर आधी इथून निघून जावं लागतं.

त्यात मर्विन पुरता इथलाही नव्हता. त्याचा जन्म टेकडीपलीकडचा, चालत गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचाल इतक्या अंतरावरचा. इथल्या लोहाराच्या ओल्वेनशी लग्न केलं आणि तो अलीकडे आला. उन्हाळ्यात गावात 'आपले' विरुद्ध 'बाहेरचे' असा क्रिकेटचा सामना होतो. मर्विन तरुणपणापासून बाहेरच्यांकडून खेळला. आता गुडघे गेले म्हणून पंच असतो, तोही बाहेरच्यांच्या बाजूचा.

त्यानं आणि ओल्वेननं म्हाताऱ्या गॉडसॉलबाईंकडून घर विकत घेतलं. तेव्हापासून ते गॉडसॉलांचं. मर्विननं उपाय केले नाहीत असं नाही. फाटकावर ठळक अक्षरांत 'प्रॉसर' रंगवलं. नवा पोस्टमन आला, पाटी वाचली, आणि म्हणाला, "म्हणजे गॉडसॉलांचं हेच ना?" मग त्यानं दार पिवळं केलं, दुरून डोळ्यांत भरेल असं. लोक म्हणाले, गॉडसॉलांच्या दाराला काय अवकळा आली बघा. ओल्वेन हसून हसून पायरीवर बसली होती. ती गेल्यावर तिच्या थडग्यावरच्या दगडावर प्रॉसर हे नाव आलं. गावात ते नाव कोरलेली तेवढी एकच जागा आहे, आणि मर्विन तिच्याविषयी बोलत नाही.

तर या घरावर रोझमंडबाईंना पाटी लावायची होती.

परगण्यातल्या थोर माणसांच्या जन्मघरांवर गोल निळ्या लोखंडी पाट्या लावायचं काम एका मंडळानं काढलं होतं. शेजारच्या वरच्या क्विनफर्ड गावाला दोन पाट्या मिळाल्या. एक शेवाळावर ग्रंथ लिहिणाऱ्या पाद्र्याची आणि दुसरी एका कुस्तीगिराची, ज्याची आई फक्त बाळंतपणापुरती तिथे आली होती. रोझमंडबाईंना रात्रीची झोप येईना. आणि आमच्याकडे तर सर ऑस्टिन गॉडसॉल होते, त्या म्हाताऱ्या गॉडसॉलबाईंचे चिरंजीव, देशोदेशी पूल बांधलेले आणि अजून हयात. फक्त घरमालकाची संमती हवी होती.

बाई फळांचा केक घेऊन मर्विनकडे गेल्या. साक्षीला मला नेलं.

"मर्विन, हा तुमच्या घराचा मान आहे."

"घराचा ना? मग घराला विचारा."

"अहो, पाच खंडांत पूल आहेत त्यांचे!"

"आणि आमच्या ओढ्यावर फळी आहे. पाणी वाढलं की वाहून जाते. मीच शोधून आणतो."

"पण ते इथे जन्मले, या छपराखाली."

"त्यात त्यांचं काय कौतुक? सगळं त्यांच्या आईनं केलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी केककडे पाहिलं.

"गावाचा विचार करा हो," बाई म्हणाल्या. "वरच्या क्विनफर्डवाल्यांनी तर एका उपऱ्या कुस्तीगिराला..."

"उपरा मीही आहे, बाई. तुम्हीही आहात. हा पॉवेलच्या घरातलाही आहे," माझ्याकडे अंगठा करत मर्विन म्हणाला. "आपण तिघांनी मिळून गॉडसॉलांची आरती करायची होय?"

केक त्यानं ठेवून घेतला. संमती दिली नाही.

त्या आठवड्यात मी त्याला कुंपणाच्या कामात हात द्यायला गेलो. हिवाळ्याच्या शेवटी कुंपणाच्या झुडपांची खोडं बुंध्याशी अर्धी चिरायची आणि आडवी विणायची असतात. चिरलेलं खोड मरत नाही, आडवंच फुटत राहतं. मर्विन कोयता चालवता चालवता अचानक थांबला.

"तोंडातलं नाव आज ना उद्या पुसलं जातं रे," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, माझ्या जिवंतपणी कधीतरी एखादं माणूस चुकून तरी म्हणेल, प्रॉसरांचं घर. पण ती पाटी लोखंडी. ती लागली की संपलं. ओल्वेनला मी या दारातून आत आणलं आणि याच दारातून बाहेर नेलं. आणि भिंतीवर काय लिहायचं? तर कुणीएक इथे रडत जन्माला आला."

मी म्हटलं, "सगळेच रडत जन्माला येतात."

"मग सगळ्यांच्या लावा," तो म्हणाला आणि पुन्हा कोयता उचलला.

गावाचा दुकान-कम-पोस्टाचा कारभार थेल्मा यॅपकडे आहे. गावाचं मत काय आहे हे आधी तिला कळतं आणि मग गावाला. तिनं मर्विनला पाव देता देता विचारलं, "काय मग, तुझीच पाटी लावायची का? 'इथे मर्विन प्रॉसर यांनी पाटी लावू दिली नाही.'"

"लाव की. नाव तरी येईल."

दुकानात सगळे हसले, मर्विनही हसला. पण सुटे पैसे घ्यायला विसरला.

इकडे रोझमंडबाईंनी हुकमाचं पान टाकलं. त्यांनी सर ऑस्टिनना परस्पर आमंत्रण धाडलं. थोर माणूस स्वतः दारात उभा राहिला तर मर्विनच्या तोंडून नाही कसं निघेल?

एप्रिलमधल्या एका सकाळी मी दुकानात बेकन घेत होतो, तेव्हा एक भाड्याची गाडी बाहेर थांबली. काठी टेकत एक किडकिडीत म्हातारा आत आला. मर्विनपेक्षाही वयानं मोठा. कोट उत्तम, पण बटण एक घर चुकलेलं.

"नमस्कार. मला बेलिसांच्या घरी जायचं आहे. रस्ते सगळे बदललेत."

थेल्मा विचारात पडली. "बेलिस? या नावाचं कुणी नाही हो इथे."

"तळ्याच्या मागे. दारात अक्रोडाचं झाड होतं."

"अक्रोड? अहो, मग गॉडसॉलांचं म्हणा ना!"

म्हाताऱ्यानं टोपी काढून विचारलं, "काय म्हणालात?"

"गॉडसॉलांचं घर. सगळे तेच म्हणतात."

"सगळे?"

"सगळे. कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. का हो, बरं वाटत नाही का? बसा जरा."

तो बसला नाही. मी त्याला तळ्यामागे घेऊन गेलो. वाटेत त्यानं एवढंच सांगितलं, की तो ऑस्टिन गॉडसॉल, आणि लहानपणी हे शब्द त्यानं एकदाही ऐकलेले नव्हते.

पाहुणा कोण हे कळताच मर्विननं ताठपणे वागायचं ठरवलं. चहाही दुधाशिवाय दिला. सर ऑस्टिननी स्वयंपाकघराच्या तुळईकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या वडिलांसमोर या घराला कुणी बेलिसांचं म्हटलं की ते ताटावरून उठायचे."

मर्विनच्या भुवया वर गेल्या. "बेलिसांचं?"

"आमच्या आधी बेलिस राहायचे. त्यामुळे आम्ही कायम बेलिसांकडचे. वडिलांनी छपराला नवी कौलं घातली, तरी बेलिसांचं छप्पर. अक्रोड वडिलांनी लावला, तरी बेलिसांचा अक्रोड. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर आला तो दारातूनच विचारत आला, बेलिसांकडे आजारी कोण आहे?"

"अरे देवा," मर्विन म्हणाला. त्यानं उठून दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं.

"मग हे झालं कधी?" सर ऑस्टिननी विचारलं. "गॉडसॉलांचं?"

मर्विननं जरा आठवून पाहिलं. "आम्ही सामान उतरवत होतो त्याच दिवशी. समोरची बाई कुंपणावरून ओरडली, गॉडसॉलांकडे राहायला आलात वाटतं! मला तर वाटलं, हे पहिल्यापासूनचंच आहे."

"म्हणजे तुम्ही आलात म्हणून आमचं झालं."

दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. त्यात काही गोड नव्हतं. एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या वर्षी पडलेली दोन माणसं एकमेकांना बघतात, तसं ते बघणं होतं. मग मर्विन हसू लागला. आधी नाकातून, मग खांद्यांतून. सर ऑस्टिन हसताना खोकू लागले. मर्विननं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि फळीवरून सायडरची बाटली काढली. सकाळचे अकराही वाजले नव्हते.

दुसऱ्या पेल्यानंतर मर्विन म्हणाला, "लावा हो तुमची पाटी. होऊ दे काय व्हायचं ते."

"नको," सर ऑस्टिन म्हणाले. "या घराशी झगडले ते माझे वडील, आणि त्यांना जे हवं होतं ते दुकानातली बाई रोज फुकट देते आहे. मी इथे काय केलं? पळून जायची वाट पाहिली. माझी पाटी बसथांब्यावर लावा. माझं बालपण तिथेच गेलं."

रोझमंडबाईंना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. "बसथांब्यावर? तिथे थेल्माच्या कोंबड्या बसतात!"

पण पाटी तिथेच लागली. मंडळानं बरीच कुरकुर केली. अनावरणाला पडदा म्हणून थेल्माचा टेबलक्लॉथ होता, मुरंब्याच्या डागासकट. रोझमंडबाईंचं भाषण रंगात आलं आणि लेम्स्टरची बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, श्रोत्यांना बाजूला व्हावं लागलं, आणि शेवटचा परिच्छेद बसच्या धुरात गेला. बस किती वेळ थांबवता येते यावर मर्विन आणि ड्रायव्हर यांचं भांडण जुंपलं. सर ऑस्टिननी ते भाषणापेक्षा मन लावून ऐकलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्या शरद ऋतूत मर्विन पायरीवरून पडला. हाड मोडलं नाही, तरी लेम्स्टरहून त्याची भाची डिलिस धावत आली.

"मामा, आता पुरे. माझ्या गल्लीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा झालाय. शेजारीच औषधांचं दुकान आहे. कोळसा नको, पायऱ्या नकोत."

मर्विन नाही म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात थेल्मानं काडी टाकली. "जा की मर्विन. तू गेलास की पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रॉसरांचं घर होईल बघ. आयुष्यभर हेच तर हवं होतं ना तुला?"

ती चेष्टेत बोलली. मर्विनचा चेहरा मात्र हिशेब करणाऱ्या माणसासारखा झाला. दोन दिवसांनी त्यानं मला गाडी काढायला सांगितली.

फ्लॅट चांगला होता. उबदार, कोरडा, दारं रुंद. मर्विननं नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या. "बफ्टनबाईंची जागा घेताय वाटतं?"

मर्विननं टोपीला हात लावला आणि पुढे चालू लागला. परतीच्या वाटेवर टेकडी दिसू लागली तेव्हा म्हणाला, "आपण निघून गेल्याशिवाय नाव द्यायचंच नाही, असं ठरवलंय यांनी."

"कुणी ठरवलं नाही रे. तसं होतं."

"तेच ते." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग राहू दे गॉडसॉलांचं."

डिलिस रागावून परत गेली आणि तिनं पायरीला कठडा बसवायला सुताराला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मर्विन दुकानात गेला.

"थेल्मा, मी कुठे राहतो?"

"डोकं फिरलं का तुझं? गॉडसॉलांकडे."

"अजून?"

"अजून तरी."

"मग बेकन दे," मर्विन म्हणाला.

तेव्हापासून तो हे रोज विचारतो. थेल्मा कधी वैतागून उत्तर देते, कधी पाठ फिरवूनच. पण चुकवत नाही.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन तो अंथरुणात पडला. आठवडा झाला तरी दुकानाकडे फिरकला नाही. धुराड्यातून धूर दिसेना तेव्हा थेल्मानं दुकान उघडंच टाकलं, कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या सूपचं भांडं उचललं आणि बर्फातून तळ्यामागे निघाली. फावडं घेऊन मी मागून गेलो. पिवळ्या दाराला आतून कडी होती. तिनं दारावर मूठ आपटली आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गॉडसॉलांकडे कुणी आहे का?"

आत बराच वेळ काहीच हललं नाही. मग खोकला ऐकू आला, आणि त्यामागून त्याचा बसलेला आवाज.

"आहे, आहे. दार फोडू नकोस."