श्रावणातली पापडी

सुरतेची वालपापडी दिवाळीशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावा, वेल गच्चीभर पसरेल, कठडा झाकून टाकील, शेजारणीच्या दोरीवरचे कपडे धरील, पण फूल म्हणाल तर एक नाही. लग्न होऊन सुरतेत नवागामला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्या वेलाला शेण घातलं, ताक घातलं, शेवटी शिव्या घातल्या. सासू खालून म्हणायची, "रिकामधंदा."

मी बारावी सायन्स. पुढं शिकायचं होतं, पण स्थळ चालून आलं आणि विषय संपला. नवरा उधन्याला कापडाच्या लूमवर होता. बारा तासांची पाळी करून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. सासूला मी माय म्हणत असे. ती मला नावानं कधी हाक मारत नसे, "ए" एवढंच. खालच्या दोन खोल्या तिच्या होत्या, त्यामुळं मी गच्ची धरली.

गच्चीच्या एका कोपऱ्यावर रस्त्याच्या खांबाची ट्यूबलाइट पडायची. त्या उजेडातला वेल दिवाळीनंतरही फुलला नाही. पलीकडच्या अंधारातले गच्च फुलले. माती तीच, पाणी तेच. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की पापडी थंडीची वाट बघत नाही, लांब रात्रीची बघते. दिव्याखाली तिला रात्र लांबलेली कळतच नाही. हे मी एकटीनं शोधून काढलं आणि त्याचा मला अजूनही माज आहे.

माझ्या माहेरी परसात बुटका वाल होता. त्याला रात्रीशी काही देणंघेणं नव्हतं. पेरा कधीही, दीड महिन्यात फुलायचा. शेंगा मात्र चिवट आणि कडसर. त्याचं बी आणून मी गच्चीवर लावलं. सुरतेच्या पापडीची गोडी आणि या वालाची घाई एका वेलात आणायची, असं मी ठरवलं. बारावीच्या पुस्तकातला वाटाण्याच्या संकराचा धडा मला तोंडपाठ होता. माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग होणार होता, तर तो तरी नीट व्हावा.

त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी पापडीची उद्या उमलणारी कळी सुईनं उघडायची, आतले पिवळे केसर वेचून टाकायची आणि सकाळी वालाचा पराग तिच्यावर टेकवायची. बहुतेक कळ्या गळून पडल्या. तीन शेंगा धरल्या. ते बी पुढच्या वर्षी पेरलं, तर सगळे वेल दिवाळीपर्यंत ढिम्म. वालाचा गुण कुठं दिसेना. मी त्या दिवशी पाण्याच्या टाकीआड बसून रडले. पण धड्यात लिहिलं होतं, की लपलेला गुण नातवंडांत वर येतो. म्हणून पुन्हा बी धरायला बसले. त्यातल्या बहुतेक शेंगा मायनं न विचारता भाजीत घातल्या. माझ्याकडे एक मूठ बी उरलं.

ती अख्खी मूठ मी जेठात, पावसाच्या तोंडाशी, तेलाच्या कापलेल्या डब्यांत पेरली आणि सगळे डबे मुद्दाम ट्यूबलाइटखाली मांडले. जो वेल त्या उजेडातही फुलेल, तो माझा. पाच फुलले. चौघांच्या शेंगा वालासारख्याच चिवट निघाल्या. पाचव्याची शेंग मी कच्चीच चावली. कोवळी, गोड, दोरा नाही. श्रावण लागला होता आणि माझ्या हातात पापडी होती. मी मोठ्यानं हसले, वेड्यासारखी.

आता फक्त त्या एका वेलाच्या शेंगा वेलावरच पिकून वाळायला हव्या होत्या. तीन आठवडे. हिरव्या शेंगेचं बी रुजत नाही. तेवढं बी हाती आलं, की मग दरवर्षी श्रावणात पापडी, आणि ती माझी.

पण मला दम निघाला नाही. रिकामधंदा म्हणणाऱ्या तोंडाला दाखवायची खाज होती. मीच मायला हाताला धरून वर नेलं.

तिनं शेंगा बघितल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले. "माय वं, सावनमा पापडी! हाई ते कानबाईनीच किरपा शे."

रविवारी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसणार होती. खानदेशातून आलेल्या आम्हा लोकांत भाऊबंद मिळून त्या दिवशी रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या, करतात आणि घरचं नवं पीक आधी देवीपुढं ठेवतात. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका जिना चढून वर आल्या. वेलाला हळदकुंकू लागलं, मग मलाही लागलं. माय सगळ्यांना सांगत होती, "मन्ही सूनना हातले गुण शे." मन्ही सून! तीन वर्षांत ते पहिल्यांदा ऐकलं.

मी एकदाच म्हणाले, "माय, थोड्या शेंगा बियाला ठेवू."

"बी काय करस? देवीनं दिधं, देवीलेच जाऊ दे."

तेव्हा बोलायला हवं होतं. यात देवीचं काही नाही, सुई माझी, धडा माझा, तीन वर्षं माझी, असं ओरडायला हवं होतं. निदान चार शेंगा पानाआड लपवता आल्या असत्या. पण कपाळावर ओलं कुंकू होतं, बायका माझ्याकडं आदरानं बघत होत्या, आणि मला ते आवडत होतं. हे कबूल करायला मला अजून लाज वाटते.

शेंगा नैवेद्याच्या भाजीत गेल्या. वेल बुडातून कापून कानबाईच्या चौरंगाभोवती गुंडाळला आणि सोमवारी सकाळी देवीबरोबर तापीत सोडला. ती भाजी मीही खाल्ली. चवीला फार चांगली झाली होती.

पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं. माझं मन उडालं होतं. पुढच्या जेठात मायनं बाजारातलं बी आणून स्वतः त्याच डब्यात पेरलं. कानबाईचा रविवार आला आणि वेलावर पानांशिवाय काही नव्हतं. बायका वर येऊन बघून गेल्या. माय माझ्याकडं वळली.

"ए, तुन्हा हातनं कायतरी पाप व्हयनं व्हई," ती म्हणाली, आणि त्या वर्षी तिनं मला रोटाच्या पिठाला हात लावू दिला नाही.