आत्याचं आम्ल

आत्याने उभा जन्म लाँड्रीत लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडण्यात घालवला. स्वतःच्या सुरकुत्यांना मात्र तिने कधी भीक घातली नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीने तिच्या हातावर चिकटपट्टी लावून फर्रकन ओढली आणि कातडीचा नमुना नेला. ती निकाल घेऊन आली, तेव्हा आत्या नवऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

“आत्या, वयामुळे तुझ्या कातडीतली अमिनो आम्लं कमी झालीत.”

“आम्ल म्हणजे अ‍ॅसिडच ना? फरशी घासायचं?”

“ते नव्हे गं. ही कातडीत ओलावा धरून ठेवतात.”

“मग माझी गेली कुठे मेली?”

“जिभेवर उतरली!” आतोबा पेपराआडून म्हणाले.

सदऱ्यावर फिरणारी इस्त्री आत्याने फक्त जागच्या जागी थांबवली.