चामड्याच्या पानांची वाटणी

माझा धंदा बाइंडिंगचा. भिवंडीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली, एक कटिंग मशीन, एक लोखंडी प्रेस आणि आम्ही नवराबायको. वकिलांच्या फायली, वडप्याच्या गोडाऊनवाल्यांची रजिस्टरं आणि कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टची सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुकं, यावर आमचं चालतं. पोरं आदल्या दिवशी उगवतात आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतात. मी त्यांना चार शब्द सुनावून नाही म्हणतो आणि मग करून देतो. बायको म्हणते, तुमचं ‘नाही’ म्हणजे कच्ची शिलाई, जरा ओढली की सुटते.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून आमच्या शाळेतल्या बाई उतरल्या. त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. आता रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या समोर आल्या की मी अजून हातातलं काम खाली ठेवून उभा राहतो. त्यांनी आणि रिक्षावाल्यानं मिळून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आत आणलं. मला वाटलं कॅरम बोर्ड असेल. टेबलावर ठेवून चादर सोडली तर आत पुस्तक.

बाईंचे मिस्टर वसईकडचे कॅथलिक. ते वर्षभरापूर्वी गेले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी चर्चमध्ये गायचं. गावच्या चर्चमध्ये छापील पुस्तकं आली तेव्हा हे जुनं, हातानं लिहिलेलं पुस्तक त्यांच्या घरी सांभाळायला दिलं असं घरात सांगत. लॅटिन भाषेतली प्रार्थनेची गाणी आणि त्यांचे सूर त्यात होते.

बाई खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “याचे तीन भाग कर. तिघांना एकेक. आणि तिन्हींवर सारखंच कव्हर घाल, नाहीतर त्यावरून पुन्हा सुरू होतील.”

तिघं म्हणजे त्यांची मुलं. थोरला वसईला, मधली मुलगी कशेळीला, धाकटा इथंच वडप्याला एका गोडाऊनमध्ये कामाला. वडील गेल्यावर घर वाटून झालं, वाडीही वाटली, कुणी आवाज चढवला नाही. अडलं ते या पुस्तकावर. विकायचं कुणालाच नव्हतं, प्रत्येकाला ते आपल्याच घरी हवं होतं. त्यावरून जे वाजलं ते एवढं की तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद.

“नाताळला आले सगळे माझ्याकडे,” बाई म्हणाल्या, “पण तीन वेगवेगळ्या वेळी. शिफ्ट लावल्यासारखे. एक उठून गेला की दुसरा यायचा. मी आहे तोवर निदान माझ्याकडे येतात. मी गेल्यावर कोण कुणाकडे जाणार? म्हणून एकदाचं वाटून टाक, म्हणजे भांडणाचं कारणच संपेल.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे बांध घालून शेत वाटतात, विहिरीचं पाणी पाळीनं वाटतात, दोन भावांत आंब्याच्या फांद्या वाटलेल्या मी स्वतः पाहिल्यात. मग पुस्तकानं काय घोडं मारलंय? शिवाय पुस्तक उसवणं हे आमचं रोजचं काम. मी बाईंना हो म्हटलं आणि त्या गेल्या.

दुपारी हातातलं काम संपवून मी पुस्तक उघडायला बसलो. कव्हर म्हणजे पुठ्ठा नव्हता, लाकडाच्या फळ्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड. त्यांच्यावर काळपट चामडं, कोपऱ्यांना पितळी पत्रे आणि कडेला पितळेच्या दोन कड्या. कड्या काढल्याबरोबर पुस्तक आपोआप दोन बोटं वर आलं, झोपलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसं. मी चक्क मागे सरकलो. मग पानाला हात लावला आणि कळलं की हा कागदच नाही. पान जनावराच्या कातड्याचं होतं. एका बाजूला बोट फिरवलं तर केसांची बारीक छिद्रं लागत होती आणि दुसरी बाजू गुळगुळीत, पांढरी. पुस्तक कुठंही उघडा, समोरासमोरची दोन्ही पानं सारख्याच बाजूची यायची. ज्यानं पानं लावली त्यानं एवढा विचार केला होता.

आणि ती अक्षरं. काय लिहिलंय ते मला ओ की ठो कळत नव्हतं. एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं, गोलसर, भरीव, काळ्या शाईचं. वर पाच लाल रेघा आणि त्यांच्यावर सुरांचे चौकोनी ठिपके. मीही अक्षरांचाच माणूस, ब्लॅक बुकावर नावं दाबतो, त्यामुळे दोन अक्षरांमधली जागा चुकली की माझ्या डोळ्यांत खुपते. मी चूक शोधायला म्हणूनच पानं उलटत गेलो. स्वभावच तसा आहे, दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. पानामागून पान गेलं, पहिल्या पानावर जी ताठ रेघ होती तीच शेवटच्या पानावर. लिहिणारा म्हातारा होऊन मेला असेल लिहितालिहिता, पण हात कुठं थकलेला दिसला नाही.

एका पानाला मधोमध भोक होतं. जनावराला जिवंतपणी काही चावलं असणार आणि कातडं ताणताना ते मोठं झालं असणार. लिहिणाऱ्यानं ते पान फेकलं नव्हतं. शब्द भोकापर्यंत आणून थांबवला होता आणि पलीकडून पुढे चालू केला होता, रस्त्यात झाड आलं की पाऊलवाट वळते तसा. भोकाच्या कडेनं त्यानं बारीक लाल पाकळ्या काढल्या होत्या. मला भरून आलं, का ते सांगता येणार नाही.

प्रत्येक गाण्याचं पहिलं अक्षर मोठं, तळहाताएवढं. निळ्या रंगाचं, आणि त्याच्या पोटात व आजूबाजूला लाल रेघांची वेलबुट्टी, सुतापेक्षा बारीक. काही अक्षरांवर सोनं होतं. खिडकीतला उजेड पडला की ते पानावरून उठून यायचं. माझं सोनं पोरांच्या पदवीदानापर्यंतसुद्धा टिकत नाही. हे शेकडो वर्षांचं सोनं आणि कालच लावल्यासारखं.

आम्ही बौद्ध. वंदनेचं पुस्तक घरात आहे, ते मीच बांधलंय. देवाबिवापुढे माझी मान सहसा वाकत नाही. पण त्या दुपारी मी मध्येच उठलो, साबणानं हात धुतले आणि मगच पुढचं पान उलटलं.

शेजारच्या पॉवरलूमवरचा जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, रोज चहाला येतो. गेली वीसएक वर्षं तो सूतच बघत आलाय. तो आला आणि चहा हातातच धरून उभा राहिला. “उस्ताद, इतना बडा बडा काहे को लिखा है?”

मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी गाणाऱ्यांना प्रत्येकी पुस्तक नसायचं. एकच पुस्तक उंच लाकडी घोडीवर ठेवायचे आणि सगळे त्याच्यापुढे उभे राहून त्यातूनच गायचे, म्हणून मागच्याला दिसेल एवढं मोठं. जॉबरला सांगितलं तर तो मान हलवत म्हणाला, “अच्छा, मतलब किताब एक, और आदमी सब उसके आजूबाजू.” आणि चहा न पिताच लूमकडे गेला.

मला मात्र एका गोष्टीचा राग आला. वरच्या कडेला काही वेलींची टोकं कापली गेली होती, एका पक्ष्याचं तर डोकंच नव्हतं. हे आमच्याच धंद्यातल्या कुणाचं तरी काम. बाइंडरच्या हाताला खोडच असते, पुस्तक आलं की आधी तिन्ही कडा कापून सरळ करायच्या. जुन्या काळी कुण्या शहाण्यानं हेही सरळ केलं होतं. मी त्या पूर्वजाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि कटिंग मशीनवर गोणपाट टाकून ठेवलं. न जाणो, आपलाही हात जायचा.

मग उसवायला घेतलं. पानांच्या घड्या एकात एक घालून जो गठ्ठा होतो त्याला आम्ही जुज म्हणतो, आणि सगळी जुजं दोऱ्यानं एकमेकांना शिवली की पुस्तक होतं. आमच्याकडे शिलाई बायकोची. ती गणेशपुरीकडची, माहेरी असताना भाताच्या पेंढ्या बांधायची, तिचा दोरा कधी सैल पडत नाही. मी जुनं सूत कापत होतो, ती एकेक जुज उचलून बाजूला लावत होती. तिनं तीन ढीग करायला घेतले आणि अर्ध्यावर थांबली.

“इकडं या जरा,” ती म्हणाली. “या घडीला भोकं जास्ती हायेत.”

मी पाहिलं. सुरुवातीच्या अर्ध्या जुजांच्या घडीत सुईच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, नंतरच्या अर्ध्या जुजांत एकच. ज्या पानावर हा फरक सुरू व्हायचा ते पान पुस्तकाच्या अगदी मध्यावरचं, पण मळकं, कडा झिजलेल्या, पुस्तकाच्या पहिल्या पानासारखी. किड्यांनी पाडलेली छिद्रंही अलीकडच्या पानांतून येऊन तिथंच संपत होती.

“हे पान बाहेर व्हतं कदी तरी,” बायको म्हणाली. “ही दोन पुस्तकं व्हती. कुणीतरी परत एक केलीत.”

मी अलीकडच्या जुजाचं शेवटचं पान पाहिलं. तळाशी लहान अक्षरांत एक शब्द होता. तोच शब्द त्या मळक्या पानाच्या सुरुवातीला. बाकीच्या जुजांच्या शेवटीही असाच पुढच्या जुजाचा पहिला शब्द लिहिला होता, बांधणाऱ्याला क्रम चुकू नये म्हणून. म्हणजे लिहिणाऱ्यानं एकच पुस्तक लिहिलं होतं. नंतर कुणीतरी त्याचे दोन भाग केले, पहिला नवी भोकं पाडून वेगळा शिवला, दोन्ही दोन ठिकाणी राहिले, मळले, एकाला किडा लागला आणि दुसऱ्याला नाही. आणि पुढे कधीतरी कुणीतरी दोन्ही भाग घेऊन माझ्यासारख्या एखाद्या बाइंडरकडे गेलं.

कोण होती ती माणसं, कशावरून तुटली आणि कशी जुळली, ते कधीच कळणार नव्हतं. पण जुळली होती हे माझ्यासमोर होतं, भोकाभोकांनी.

मी बाईंना बोलावून घेतलं. दिलेला शब्द फिरवणं मला आवडत नाही. मी त्यांना फक्त दाखवत गेलो. दोन रांगा, एक रांग, मळकं पान, तळाशी लिहिलेला शब्द. बाईंनी चष्मा पुसला आणि त्या मळक्या पानाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या,

“म्हणजे आमच्यात हे आधीपासूनच आहे.”

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्याही थोड्या हसल्या. मग त्यांचा चेहरा बदलला, वर्गात फळ्यावरची चूक त्यांची त्यांनाच दिसायची तेव्हा व्हायचा तसा.

“मी कारण संपवायला निघाले होते,” त्या म्हणाल्या. “तीन घरांत तीन पुस्तकं गेली, की तिघांना एकमेकांच्या दारात जायचं कारणच उरणार नाही. एकच बांध. भांडू देत. भांडायला तरी जातील.”

मग आम्ही ते एकच बांधलं. लिहिणाऱ्याच्या वेळच्या ज्या भोकांची रांग सगळ्या जुजांत होती, तिच्यातूनच बायकोनं सुई नेली. एकही नवं भोक पाडलं नाही. फळ्या आणि पितळ जुनंच ठेवलं, पाठीला फक्त नवं चामडं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण हे काम केलं हे कुणाला कळूच नये.

बाईंनी तिघांना निरोप दिला की पुस्तक न्यायला सगळ्यांनी यायचं आणि एकेक वर्ष पाळीनं ठेवायचं. ते आले, तिघंही तोंड फिरवून उभे. पण पुस्तकाचं वजन एकट्याला पेलण्यातलं नाही. थोरल्यानं एक बाजू धरली, बहिणीनं दुसरी, धाकटा चादर सावरत मागून. “सांभाळून”, “तू सांभाळ”, एवढंच बोलणं माझ्या दुकानात झालं.

दीडेक वर्षानं बाईंची मुलगी दुकानात आली, तिच्या मुलाचं प्रोजेक्ट बांधायला. मी पुस्तकाचं विचारलं तर ती कावलीच. दादाचं वर्ष कधीच संपलंय, पण तो पुस्तक हलवू देत नाही. रविवार आला की हिला पोरांना घेऊन वसई गाठावी लागते. धाकटाही तिथंच येऊन बसतो, मग पुस्तकावरून परत बोलाबोली.

“शेवटी मी आईकडे तक्रार केली,” ती म्हणाली. “तर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, जेवलीस ना तिथं?”