हात वर करून मंजूर झालेला माझा स्वभाव

गोव्यात राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हा मराठीच्या बाजूची पेडण्यातली पत्रकं मी लिहायचो. एका पानात चारदा 'धिक्कार' आणि दोनदा 'जाहीर निषेध' आल्याशिवाय कागद छापखान्यात जात नसे. कोरगावच्या सभेतलं मुख्य भाषण माझंच, हे मी धरूनच चाललो होतो. मनातल्या मनात टाळ्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या.

सभेच्या आदल्या आठवड्यात आमच्या समितीच्या बैठकीला आमच्यातल्या बालवाडीच्या बाई एक साप्ताहिक घेऊन आल्या. त्यात 'तुमचा स्वभाव कोणत्या प्रकारचा?' अशी चाचणी होती. वीस प्रश्न, शेवटी गुणांची बेरीज. अध्यक्ष यायचे होते, म्हणून मी ती सोडवली. 'लढवय्या' निघणार याची खात्री होती. निघालं 'मनमिळाऊ'. खाली खुलासा: 'तुम्ही भांडण टाळता. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेता.'

मनमिळाऊ! एवढी मोठी शिवी मला विरोधकांनीही दिली नव्हती.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आल्या आल्या तो कागद वाचला आणि म्हणाले, "बरं झालं. भाषण बाई करतील. हा घरोघर पत्रकं वाटील. दारात भांडणारा माणूस आपल्याला परवडत नाही."

मी उसळलो. चाचणी सदोष आहे, फेरतपासणी झालीच पाहिजे! आमच्याकडे चहा कधी मागवायचा हेसुद्धा ठरावाने ठरायचं. त्यामुळे माझ्या स्वभावाचे वीसही प्रश्न रीतसर बैठकीपुढे आले. सूचक, अनुमोदक, हात वर.

"प्रश्न सातवा," अध्यक्षांनी वाचलं. "कोणी मध्येच तोडल्यास तुम्ही आवाज चढवता की गप्प बसता?"

"आवाज चढ..."

"हट्! मागच्या बैठकीत खजिनदारान तुका गप्प केल्यान, विसारलंस मरे?" बाई म्हणाल्या.

मी गप्प बसलो. सहा विरुद्ध एक. अकराव्या प्रश्नाला तर खजिनदार दुखावतील म्हणून माझाही हात त्यांच्याच बाजूने वर गेला. शेवटी मी मनमिळाऊ असल्याचं मंजूर झालं, तेही पहिल्यापेक्षा दोन गुण जास्त मिळवून.

रविवारी सकाळी पत्रकं घेऊन कोरगावात फिरलो. तिसऱ्याच घरी कोंकणीवाले काका काजूचे बोंडू पिळत होते. हात पुसून त्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं.

"हो धिक्कार कोणाचो रे? म्हजो?"

"तसं नव्हे, काका..."

त्यानंतर तासभर मी त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांनी आधी मला झापलं, मग मराठीवाल्यांना, मग कुंपण सरकवणाऱ्या सख्ख्या भावाला. मध्येच ताज्या रसाचा पेला हातात दिला. मी तो प्यायलो. दुसराही प्यायलो.

"सभेंत भाशण तूं करतलो?"

"नाही. आमच्या बाई."

"बरें तर. येतां हांव."

याचा मी तिथल्या तिथे जाहीर निषेध करायला हवा होता. "या काका," एवढंच म्हणालो.

संध्याकाळी ते खरंच आले. पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून मला बसवून घेतलं. बाई म्हणे फार सुंदर बोलल्या, लोक उभे राहिले. मला त्यातलं अक्षरही सांगता येणार नाही. भावाने कुंपण पहिल्यांदा कोणत्या बाजूने सरकवलं, ते काका मला मुळापासून समजावून सांगत होते.